वजन कमी करायच्या गोळ्या: औषधाच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका मेडिकलमध्ये मी २२ वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. लग्नाच्या तारखा निघाल्या की एक प्रश्न हळू आवाजात यायला लागतो. आधी डोकेदुखीची गोळी मागितली जाते, मग ओआरएसचं पाकीट, मग बाजूचा गिऱ्हाईक जायची वाट पाहिली जाते आणि शेवटी, "वजन कमी करायचं काही आहे का जी?" हे विचारायला लाज वाटायचं काहीच कारण नाही. पण याचं खरं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही. मागे रांग असते. म्हणून ते इथे सवडीने लिहिलं आहे.

चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांनी वजन खरंच उतरतं का?

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपल्या औषध कायद्यात 'ओव्हर द काउंटर' असा वेगळा वर्गच नाही. ज्या औषधांची नावं कायद्याच्या ठरावीक याद्यांत आहेत, त्यांना चिठ्ठी लागते. बाकी सगळं नुसतं मागितलं तरी मिळतं, असं लोक धरून चालतात. त्यामुळे वजनाच्या नावाखाली जे काही बिनचिठ्ठीचं विकलं जातं, त्यात बहुतेक फूड सप्लिमेंट आणि आयुर्वेदिक म्हणून येणाऱ्या गोळ्या असतात.

जगात चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी मिळालेलं, माणसांवर वर्षानुवर्षं तपासलेलं औषध म्हणाल तर ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत २००७ साली त्याची ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल अशी मिळू लागली, युरोपात २००९मध्ये. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे, आणि मी ते तसंच देते.

जेवणातलं तेल-तूप पचवायला शरीर लायपेज नावाचं पाचकद्रव्य वापरतं. ऑर्लिस्टॅट त्यालाच अडवतं. १२० मिलिग्रॅमच्या डोसला जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता शौचावाटे निघून जाते. आता हिशेब करा. दिवसभरात ५० ग्रॅम चरबी पोटात गेली, तर १५ ग्रॅम बाहेर गेली. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर १३५ कॅलरी. भाजीच्या फोडणीत एक मोठा चमचा तेल कमी घातलं तरी १२०च्या आसपास वाचतात. हा हिशेब मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कितीतरी जणांना लिहून दिला आहे.

तरीही गोळी कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये सुमारे ३,३०० लठ्ठ लोकांवर ४ वर्षं अभ्यास झाला. आहार आणि चालणं दोन्ही गटांना सारखंच होतं. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.८ किलोंनी उतरलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ३ किलोंनी. म्हणजे ४ वर्षांत औषधाच्या वाट्याला आले पावणेतीन किलो. पण त्याच अभ्यासात औषध घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. ज्याला लग्नाच्या शेरवानीसाठी १२ किलो उतरवायचे आहेत, त्याच्या मात्र हे कामाचं नाही.

डॉक्टर यासाठी एक सोपा नियम पाळतात. १२ आठवड्यांत निदान ५ टक्के वजन उतरलं नाही, तर औषध थांबवायचं. ८० किलोच्या माणसाला म्हणजे ४ किलो.

ऑर्लिस्टॅट चालू असताना सावजी खाल्लं तर काय होतं?

हा प्रश्न आपल्या नागपूरचाच. उत्तर स्पष्टच देते, कारण हे कोणी आधी सांगत नाही.

अडवलेलं तेल कुठेतरी जाणारच. सावजी मटणाच्या ताटावर जो लाल तवंग असतो किंवा तर्री-पोह्यावर जी तर्री ओतून घेतो, तिचा न पचलेला भाग काही तासांनी थेट तेल म्हणून बाहेर येतो. वायू सरताना कपड्याला तेलकट डाग पडतो, अचानक घाई लागते, कधी कधी थांबवता येत नाही. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, ऑफिसातून सुटी टाकून. त्यांना वाटलं आतड्याचा कॅन्सर झाला. आदल्या रात्री पाटोडी-रस्सा आणि वर मटण झालं होतं, आणि कॅप्सूल तिन्ही वेळा घेतली होती. बिचारे चार दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते. देणाऱ्याने आधी एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांचे ते चार दिवस वाचले असते.

म्हणून हे औषध कमी तेलाच्या जेवणासोबतच घ्यायचं, आणि ज्या जेवणात तेल-तूप नाहीच, त्या वेळची कॅप्सूल सोडून द्यायची. चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात, तेव्हा मल्टिव्हिटॅमिन झोपताना, कॅप्सूलपासून निदान दोन तास दूर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. जुलाब जास्त झाले तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही, हे नवविवाहितांनी लक्षात ठेवावं. मूतखड्याची खोड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या थोड्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून अमेरिकेत २०१०पासून तसा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापतात.

"आयुर्वेदिक आहे, हर्बल आहे. साइड इफेक्ट तर नसतील ना?"

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची वाटते, कारण तो विचारणाऱ्याने डबी बहुतेक वेळा आधीच घेतलेली असते.

माझ्या मामेबहिणीची गोष्ट सांगते. तिने एका स्लिमिंग सेंटरमधून पांढरी प्लास्टिकची डबी आणली होती. लेबल नाही, झाकणावर बॉलपेनने 'सकाळी १' एवढंच लिहिलेलं. तीन आठवड्यांत पाच किलो उतरले. घरात सगळे तिचं कौतुक करत होते. मग एका संध्याकाळी ती दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, झोपच येत नाही गं, आणि तोंड सारखं कोरडं पडते." मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बसलेली असताना नाडी ११२. बीपी १६० वर १००. वय ३१, याआधी बीपीचं नावही नाही. तिने पर्समधून कागदाच्या पुडीत बांधलेल्या दोन कॅप्सूल काढल्या. एक मी उघडून कागदावर रिकामी केली. बारीक, पांढरी, कसलाही वास नसलेली पूड निघाली. हिरडा, बेहडा, गुग्गुळ यांतलं काहीही कुटलं तरी रंग येतो, वास येतो. तिला त्याच रात्री डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या बंद केल्यावर काही दिवसांत नाडी जागेवर आली. पण तोवर घाबरून तिने डबी कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली होती. त्यात नेमकं काय होतं, ते आम्हाला आजतागायत कळलं नाही.

अशा डब्यांत काय सापडतं, हे मात्र जगभर नोंदलेलं आहे. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध एकेकाळी डॉक्टर लिहून देत. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या सुमारे १० हजार लोकांवरच्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण १६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. २०१०मध्ये ते युरोप-अमेरिकेतून काढून घेतलं गेलं, आणि भारत सरकारने फेब्रुवारी २०११मध्ये त्यावर बंदी घातली. तरीही 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच सिब्युट्रामीन लपवलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडत आलं आहे. सोबत फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे कॅन्सरच्या शंकेवरून बाद झालेलं जुनं जुलाबाचं औषध. नुसत्या झाडपाल्याने महिन्यात सात-आठ किलो उतरत नाहीत. ते उतरत असतील, तर डबीत न छापलेलं काहीतरी आहे असं धरा.

खऱ्या आयुर्वेदाबद्दल माझी तक्रार नाही. वैद्य प्रकृती तपासतात, पथ्य सांगतात, मग औषध देतात. मेदोहर गुग्गुळही विचारून घ्यावा, कारण गुग्गुळाने काहींना अंगावर पुरळ येतं, पोट बिघडतं. आणखी एक सांगते. १९५४च्या जादुई उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करता येत नाही, त्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. तेव्हा 'लठ्ठपणा मुळापासून घालवतो' अशी पाटी दिसली, तर ती लावणाऱ्याने पहिली चूक तिथेच केलेली आहे.

गार्सिनिया, ग्रीन टीच्या गोळ्या, ग्रीन कॉफी, एल-कार्निटिन यांचं काय?

थोडक्यात सांगायचं तर फायदा नगण्य.

गार्सिनिया कंबोजिया ही आपल्या कोकमाचीच जातभाई, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. स्वयंपाकात ती निर्धोक आहे. पण तिचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला की मामला बदलतो, आणि असा अर्क घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. ग्रीन टीचंही तसंच. कपाने चहा प्यायला हरकत नाही. पण त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताची एन्झाइम वाढताना दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलं. इसबगोलाने पोट भरल्यासारखं वाटतं, स्वस्त आहे, भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर बहुतेकांना चालतं. वजनावर परिणाम थोडकाच.

डोळे पिवळे दिसणं, लघवी चहासारखी गडद होणं, अंगाला खाज, उजव्या कुशीत वर दुखणं. यांतलं काहीही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद आणि दवाखाना गाठायचा.

जिममध्ये दिलेलं फॅट बर्नर उन्हाळ्यात घेतलं तर चालतं का?

नाही. आणि नागपुरात तर अजिबात नाही.

फॅट बर्नरमध्ये मुख्यतः कॅफिन आणि तशीच नाडी वाढवणारी द्रव्यं असतात. शरीर आतून तापतं. मे महिन्यात इथे पारा ४५च्या पुढे जातो, लू लागून माणसं मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात भरती होतात, आणि अशा दिवसांत एखादा मुलगा रिकाम्या पोटी दोन स्कूप घेऊन पत्र्याच्या शेडखालच्या जिममध्ये तासभर घाम गाळतो. हृदयावर एकाच वेळी दोन बाजूंनी ताण येतो. याच जातीची इफेड्रा नावाची वनस्पती अमेरिकेने २००४मध्ये सप्लिमेंटमधून हद्दपार केली, ती हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांमुळेच.

लघवीच्या आणि जुलाबाच्या गोळ्यांचंही इथेच सांगून टाकते. दोन दिवसांत दोन किलो उतरतात, खरं आहे. पण ते पाणी असतं, चरबी नव्हे, आणि पहिल्या माठभर पाण्याबरोबर परत येतं. त्याच्याबरोबर पोटॅशियम वाहून गेलं की पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकतात. वधूपक्षाच्या घरी हळदीच्या दिवशी नवरी चक्कर येऊन पडल्याचं मी एकदा नाही, दोनदा ऐकलं आहे. दोन्ही वेळा कारण हेच निघालं.

आईची थायरॉइडची गोळी घेतली तर बारीक होता येतं म्हणे?

हे करू नका. थायरॉइड नॉर्मल असलेल्या माणसाने ती गोळी वजनासाठी घेऊ नये, असा इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच ठळक चौकटीत असतो. वजन उतरवण्याइतका डोस घेतला तर हृदयाची लय बिघडते. हाडंही झिजतात. कॉलेजातल्या मुली हे एकमेकींना सांगतात, म्हणून आयांना माझी विनंती आहे, पट्टीतल्या गोळ्या मोजून ठेवा.

डबीवर एफएसएसएआयचा नंबर आहे. म्हणजे सरकारने तपासलेलं आहे ना?

एफएसएसएआय ही देशाची अन्नसुरक्षा संस्था. तिचा १४ आकडी परवाना क्रमांक म्हणजे कंपनीला अन्नपदार्थ बनवायची किंवा विकायची परवानगी आहे, एवढंच. त्या गोळीने वजन उतरतं असं कोणी तपासून शिक्का मारलेला नसतो. उलट सप्लिमेंटच्या लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य छापावंच लागतं. डबी फिरवून ते शोधा. अक्षरं बारीक असतात, पण असतात. बॅच नंबर, एक्स्पायरी, उत्पादकाचा पत्ता हेही पाहा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून घटकांचं प्रमाण लपवलेलं असेल तर ती मी माझ्या घरच्या माणसाला देणार नाही.

डॉक्टरांनी नको म्हटलं. तुम्हीच देऊन टाका ना?

नाही देणार, आणि त्यात राग मानू नका. डॉक्टरांनी नको म्हटलं तर बहुतेक वेळा त्यांना तुमच्या फाइलमध्ये काहीतरी दिसलेलं असतं. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, १८ वर्षांखालची मुलं, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणारे, फिट येणारे, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण, नैराश्याच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असणारे, जेवून मुद्दाम उलटी काढायची सवय लागलेल्या मुली, या कोणालाही मी काउंटरवरून वजनाची गोळी देत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या सप्लिमेंटची नावं सांगा, प्रोटीन पावडरसकट.

मग ती इंजेक्शनं? मौंजारो, वेगोवी?

मौंजारो भारतात मार्च २०२५मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. यांचा परिणाम वरच्या कोणत्याही गोळीपेक्षा कितीतरी मोठा आहे. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण ही डॉक्टरांच्या देखरेखीची औषधं आहेत. मळमळ आणि उलट्या बऱ्याच जणांना होतात, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर ती देत नाहीत. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचंही नोंदलं गेलं आहे. इन्स्टावरून कोणी 'तेच इंजेक्शन अर्ध्या भावात' पाठवत असेल तर घेऊ नका. आत काय आहे आणि वाटेत ते थंड राहिलं का, हे कोणीच सांगू शकत नाही.

माझं वजन खरंच जास्त आहे का, हे कसं कळणार?

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा झाला बीएमआय. भारतीयांसाठी २३पासून वजन जास्त आणि २५पासून लठ्ठपणा धरतात. १५८ सेंटिमीटर उंचीच्या बाईला साधारण साडेसत्तावन्न किलोला २३ आणि साडेबासष्टला २५ येतो. पोटाचा घेर बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवा. शिंप्याचा टेप घेऊन मोजा, श्वास न ओढता. माझ्याकडे गोळी मागायला येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणींचा आकडा २१-२२ निघतो. त्यांना मी एवढंच सांगते, बाळा, तुला औषधाचं काही कामच नाही.

लग्न तीन महिन्यांवर आहे. तेवढ्यात काय होऊ शकतं?

आठवड्याला अर्धा किलो धरा. तीन महिन्यांत सहा. हे गोळीशिवाय होतं. तेलाची बाटली महिन्याला मोजून आणायची, दुपारचा भात अर्ध्यावर आणून वाटीभर वरण वाढवायचं, समोसा-कचोरी आठवड्यातून एकदा, आणि सकाळी सातच्या आत अंबाझरी नाहीतर घराजवळच्या बागेत ४०-४५ मिनिटं भरभर चालणं. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपीत फरक दिसतो. बीपी-शुगर आधीच असेल किंवा बीएमआयचा आकडा ३०च्या पुढे असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्सच्या ओपीडीत दाखवा. तिथले डॉक्टर थायरॉइड, पीसीओडी, आधीच चालू असलेली औषधं, सगळं पाहून ठरवतात.

मी आधीच एक गोळी घेतोय. त्रास होत असेल तर काय करू?

छातीत धडधड किंवा दुखणं, श्वास लागणं, चक्कर, डोळे पिवळे दिसणं, यांतलं काही असेल तर गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जा. बरोबर डबी न्या, बिल न्या, उरलेल्या सगळ्या गोळ्या न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली असेल तर चॅट पुसू नका. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, त्यासाठी देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. डबीबद्दलच संशय असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा नंबर १८००-२२२-३६५. फोन करताना डबी समोर ठेवा, बॅच नंबर विचारतात. आणि तपासणी होईपर्यंत ती कितीही नकोशी वाटली तरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.